गाडीचं तोंड बाहेर

सोमवार, ३ मार्च

नाही, आशीर्वाद नाही, काही नाही. आधी मला सांग, तू ती गाडी गॅरेजातून बाहेर काढलीसच कशी?

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. मी बरी आहे, गाडी बरी आहे, फोन फ्रिजवर आहे, पुढचा मुक्काम तळ्याकाठच्या लॉजवर. फोन फ्रिजवर आहे हे मला आधीच कळलं होतं, कारण तो वाजत होता आणि मी घरभर तुला हाका मारत फिरत होतो.

मग दोन दिवस दुसरा विचारच सुचला नाही. आपलं गॅरेज म्हणजे बुटांचं खोकं. त्यातून ते एसयूव्हीचं धूड उलटं बाहेर काढायचं तर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. तुला लायसन्स मिळून एकोणीस वर्षं झाली आणि तू आजवर एकदाही रिव्हर्स घेतलेला नाहीस. मी गाडी काढून रस्त्यावर सरळ लावून द्यायची, तू जाऊन यायचीस, फाटकापाशी हॉर्न मारायचीस, मी आत घालायची. आज सकाळी दाढी करताना उलगडा झाला. मेकॅनिक! सर्व्हिसिंग करून आणली तेव्हा त्या शहाण्याने ती मागून आत घातली होती. तोंड बाहेर. समोरचे वकील म्हणाले, तू चहाचा कप घेऊन बराच वेळ गाडीसमोर उभी होतीस, मग कप फाटकाच्या खांबावर ठेवलास आणि निघालीस. कप अजून तिथेच आहे. मी उचलणार नाही.

तुझा राग कळतो, पण मी चुकीचं काय बोललो? माझी मान वळत नाही, डॉक्टरांनी गाडी बंद केली. तुला मागे जाता येत नाही. म्हणून भाच्याला म्हणालो की घरात चालवणारं कुणी नाही, तूच ने. शब्द दिलाय. सतरा तारखेला तो न्यायला येतोय.

आणि ती बँकेतली बाई रोज दारात येते. तिच्या पँटचा एक पाय तू आखूड केलास आणि दुसरा तसाच ठेवलास. मी लिफ्ट तपासण्यात जन्म घालवला, मी तिला काय सांगू?

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. लोभ आहे. गाडी आण.

तुझा, ताठ मानेचा

*

गुरुवार, ६ मार्च

सा. न. वि. वि. यातला साष्टांग सीटबेल्ट लावून जमेल तेवढाच.

काय चुकलं विचारता? तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा मी ट्रे घेऊन तुमच्या शेजारी उभी होते. चालवणारं कुणी नाही. मी तिथे दिव्याचा खांब होते का? तुमची मान धरली त्या दिवशी हॉस्पिटलपर्यंत गाडी कुणी नेली? आता म्हणाल, वकिलांनी गॅरेजातून काढून दिली. दिली! फाटकापासून पुढचं सगळं शहर मी चालवलं ना?

त्या सकाळी कचरा टाकायला बाहेर आले आणि गाडी माझ्याकडे बघत होती. एकोणीस वर्षं मी तिचं ढुंगणच बघत आले. चहा संपेपर्यंत विचार केला. संपला, तशी निघाले.

इथवर बोटभरही मागे न जाता आलेय. जिथून सरळ बाहेर पडता येतं तेवढेच पेट्रोल पंप घ्यायचे. मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये समोरासमोर दोन जागा रिकाम्या असल्या की एकीतून शिरून दुसरीत थांबायचं, निघताना नाक पुढेच. वळण चुकलं तर पुढचं गाठायचं. एकदा पुढचं वळण इतकं लांब निघालं की तिथेच मुक्काम केला. गावात बघण्यासारखं काही नव्हतं, पण गादी मऊ होती. काचा खाली करून मोठमोठ्याने गाते. शेजारच्या सीटवरून कुणी ब्रेक दाबत नाही. तुमचा पाय तिकडे किती दमत असेल, हे आत्ता लक्षात येतंय.

आता अडचण. लॉजच्या आवारात शिरत होते, मागे दुधाचा ट्रक बोंबलत होता, घाईत गाडी खोबणीत घातली. समोर भिंत, डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे कपडे वाळत घालायचे खांब. लॉजवाली म्हणाली, चावी दे, माझा मुलगा काढेल. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, तर मग राहा इथेच, मला काय, भाडं मिळतंय.

म्हणून तुम्ही शिकवा. पत्रातून. डोळे फिरवू नका, मला इथून दिसतात.

आणि एक ठरवलंय. सतरा तारखेच्या आत घरी येऊन मी ही गाडी माझ्या हाताने, मागून, गॅरेजात घालीन. घातली तर गाडी राहील. नाही जमलं तर किल्ली मी स्वतः तुमच्या भाच्याच्या हातावर ठेवीन, आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. ते तुम्हाला पटणार नाही, पण बघा.

बँकवाल्या बाईला सांगा, दुसरा पाय माझ्या लक्षात आहे. तोवर माझ्यावरचा लोभ उतू जाऊ देऊ नका, गॅस तुम्हालाच पुसावा लागेल.

तुमची, खोबणीतली

*

शनिवार, ८ मार्च

अनेक आशीर्वाद, आणि कपाळाला हात.

पत्रातून रिव्हर्स! उद्या म्हणशील, पत्रातून पोहायला शिकवा. त्या मुलाला चावी दे आणि सुटका करून घे, असं लिहिणार होतो. लिहिलंही. फाडलं. कारण तू ऐकणार नाहीस आणि वर तो कागद फ्रेम करून लावशील.

तर ऐक. उजवा हात स्टेअरिंगच्या माथ्यावर. डावा शेजारच्या सीटच्या पाठीवर. कंबरेतून वळायचं, मान पूर्ण मागे, मागच्या काचेतून बघायचं. स्टेअरिंग ज्या बाजूला फिरवशील त्या बाजूला गाडीचं ढुंगण जातं. नाक उलट्या बाजूला येतं, ते टाकीवर आपटेल, तिकडे लक्ष ठेव. मागे बघताना पुढे लक्ष कसं ठेवायचं ते विचारू नकोस. ठेवायचं. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, ब्रेक हलकेच सोडत जायचं. घाबरलीस की थांबायचं. थांबायला कुणी लायसन्स मागत नाही.

हे एवढं लिहायला अख्खी सकाळ गेली. जे हाताला येतं ते तोंडाला येत नाही. शेवटी लिहायच्या टेबलाची चाकांची खुर्ची स्वयंपाकघरात आणली, स्टेअरिंग म्हणून भांड्यावरचं झाकण हातात धरलं आणि ओट्यापासून फ्रिजपर्यंत उलटा गेलो. फ्रिजला धडकलो. सवयीने मान वळवायला गेलो होतो. फिजिओवाली पोरगी जाम चिडली. विचारत होती, काय करत होतात. म्हटलं, बायकोला गाडी शिकवत होतो. तिने विचारलं, बायको कुठे आहे. काय सांगू तिला?

टाकीकडे बघ गं. पत्रा पातळ आहे. गाडीचा.

लोभ किती आणि वैताग किती, तूच माप घे. मापं घ्यायचा धंदा तुझा.

तुझा, फ्रिजला धडकलेला

*

मंगळवार, ११ मार्च

सा. न. वि. वि.

तुमची शिकवणी सपशेल फसली. तुम्ही लिहिलंत तसं कंबरेतून वळले, मान मागे केली, आणि मला डावं-उजवं काही कळेना. कपड्यांचा एक खांब वाकला. लॉजवाली चादरी आवरत म्हणाली, तुझा नवरा लांबून शिकवतो तेच बरं, जवळ असता तर खून पडला असता.

मग वैतागून मान सरळ केली आणि नुसतीच बसले. बाजूच्या आरशात टाकी दिसत होती. टाकीचा कठडा एका अंगाला उतरलेला, अगदी त्या बँकवाल्या बाईच्या खांद्यासारखा. आणि माझा हात आपोआप हलला. अहो, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? गिऱ्हाईक आरशासमोर उभं, मी त्याच्या मागे, नजर आरशात, आणि टाचण्या लावणारा हात इकडे. आरशात बघून हात चालवायला मला विचार करावा लागत नाही. मान वळवली की मात्र मी कुणीच नाही. दोन्ही आरसे थोडे खाली केले, ब्रेक हलकेच सोडला (तेवढं तुमचं बरोबर होतं), आणि गाडी अशी निघाली, जशी उसवलेली शिवण निघते.

नंतर आवारात बादल्या मांडून तीच ती जागा. बादल्या किती चेपल्या ते हिशोबात धरू नका.

काल पलीकडे समुद्राच्या अंगाला दीपगृहाच्या रस्त्याने गेले. तो रस्ता मी मुद्दाम टाळला होता, पुढे संपतो म्हणून. एकच गाडी जाईल एवढा, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अर्ध्यावर समोरून मासळीचा ट्रक. तो भरलेला, मी रिकामी, मागे कुणी जायचं ते उघड होतं. ट्रकवाला खाली उतरून डावीकडे-उजवीकडे हातवारे करायला लागला. त्याला खुणेनेच सांगितलं, हात खिशात घाल. आणि उताराने मागे आले, आरशात खडकाची कड धरून, रुंद जागा येईपर्यंत. ट्रकवाल्याने जाताना हॉर्न दिला. शिवी नव्हती ती. मग वर जाऊन दीपगृह बघितलं. ते बंद होतं.

तुमचं उत्तर इथे आलं की परत निघते. लोभ ठेवा, आणि गॅरेजातली ती तुमची जुनी लाकडी शिडी काढून ठेवा.

तुमची, आरशातली

*

गुरुवार, १३ मार्च

आशीर्वाद घाईत.

दीपगृहाचा परिच्छेद मी उभ्याने वाचला. असलं काही पुन्हा लिहून कळवू नकोस, घरी येऊन सांग, म्हणजे निदान तू घरी आहेस हे दिसेल.

बादल्या वेगळ्या आणि आपलं गॅरेज वेगळं. बादलीला विटांच्या भिंती नसतात. मी शांतपणे सांगतोय. भाच्याने सीट कव्हरं विकत घेतली आहेत, वाघाच्या पट्ट्यांची. सोमवारी संध्याकाळी येतोय. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू, की थांब, मामी परीक्षा देतेय? तू असं कर. आलीस की फाटकापाशी हॉर्न दे, उतर, वकील गाडी आत घालतील. हट्ट सोड. त्यात कसली लाज?

फक्त सोमवारी दुपारी येऊ नकोस, मी क्लिनिकला असेन. तिथली बोळ तुला माहीत आहे, वळायला जागा नाही म्हणून टॅक्सीवाले आत शिरत नाहीत, दार उघडून तोंडाशीच उतरवतात. मान धरून तेवढं चालायचं म्हणजे परतेपर्यंत अर्धमेला होतो.

शिडी काढलेली नाही. मान दुखते. कप तिथेच आहे.

लोभ वाढवू नकोस, आहे तोच झेपत नाही.

तुझा

*

सोमवार, १७ मार्च, दुपार, आपलं स्वयंपाकघर

सा. न. वि. वि., उभ्याउभ्याच लिहितेय.

तुम्ही गेल्यावरच आले. मुद्दाम. तुम्ही खिडकीत असता तर मी खिडकीकडेच बघत बसले असते.

पहिल्या वेळी नाही जमलं. दुसऱ्या वेळी वकील धावत बाहेर आले, म्हणाले, वहिनी, द्या मी घालतो. त्यांना म्हटलं, तुम्ही फक्त कपाकडे बघा. हलला तर ओरडा. तिसऱ्या वेळी आत गेले. शिडीसकट. शिडी थोडी दबली, ती काढायला सांगितली होती. डावा आरसा भिंतीला एवढासा घासला, रेघ आहे, दाखवीन. कप हलला नाही. वकिलांना कोर्टात विचारलं तरी तेच सांगतील.

इंजिन बंद करून जरा बसले. समोर रस्ता दिसत होता. मग आत येऊन बँकवाल्या बाईचा दुसरा पाय शिवला. टेबलावर आहे, ती आली की द्या. कप आणला, धुतला, जागेवर ठेवला. भाच्याला फोन केला. सांगितलं, मामाने शब्द दिला तेव्हा चालवणारं कुणी नव्हतं, आता आहे. तो म्हणाला, मग कव्हरांचं काय करू? म्हटलं, घेऊन ये, आपल्याच गाडीला घालू. वाघ तर वाघ.

आता तुम्हाला आणायला निघाले. हे पत्र वाचाल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल, त्यामुळे नको-बिको म्हणायची सोय नाही. क्लिनिकमध्ये फोन करून निरोप ठेवलाय, तुम्हाला बोळीच्या तोंडाशी चालत पाठवू नका, दारातच थांबवा. मी आतपर्यंत येणार आहे. बाहेर पडायचा रस्ता तिथे एकच, मागे. तुम्ही शेजारच्या सीटवर बसा, मान सरळ ठेवा आणि तो पाय जरा आवरा.

लोभाचं गाडीत बोलू. निघते, गाडीचं तोंड बाहेरच आहे.