पाच हात केबल

१२ नोव्हें. ८४
करंजाहून परत. अंग ठेचलंय. लाँचमध्ये व्हिडिओ खालच्या केबिनमध्ये, टीव्ही वर पुढच्या बाजूला. मधली केबल फळ्यांखालून, इंजिनाला वळसा घालून. मी पोटावर सरपटतोय, वामन वरून केबल सोडतोय. लोधिवलीहून बांबूची ओली कामटी नेली होती, तिलाच केबल बांधून पुढे ढकलली. लाँचीचा तांडेल हसला, "वायर टाकाला आलाव का मासं धराला?" चित्र लागलं तेव्हा पुढ्यातच मांडी घालून बसला.

१३ नोव्हें.
काल लिहायचं राहिलं. घराची भिंत हलत नाही, लाँच हलते. म्हणून टोकाला पाच हात जास्तीची केबल, ढील, गुंडाळून ठेवली. मोजून. दर हाताला लाल दोरा, नेहमीसारखा. वामनला बजावलं, "भावजी, याला हात लावू नका." बहिणीचा, कमळीचा नवरा, दुकानात निम्मा भागीदार, तरी सांगावं लागतं. क्लिपा ठोकायला तो मागे थांबला, मी एस.टी. धरली.

३ डिसें.
तांडेल मोहोपाड्याला दुकानात हजर. लाटेवर लाँच डोलली की केबल ताणते, जोडातून निसटते, चित्र गायब. वामन माझ्यादेखत म्हणतो, "मी सांगत व्हतो याला, ढील सोड. आयकतोय कुठं!"
तोंडात मारल्यासारखं झालं. तांडेल म्हणाला, "डोंगराकडची मानसं तुमी, तुमाला पानी काय कलनार." मी बिलबुक चाळत राहिलो. ढील सोडली होती, हे का नाही सांगितलं? वामनची, मेल्याची, पापणीसुद्धा लवली नाही.
पुढच्या दोन लाँचींचं काम वामन एकटा करणार, असं तांडेल ठरवून गेला.

४ डिसें.
खरंच सोडली होती ना? वही उलटून पाहिली. सोडली होती.

९ डिसें., रवि.
कमळीकडे. सातवा लागलाय तिला, चेहरा छान दिसतो. घरात टीव्ही आलाय. "बघ रं दादा, कसं झ्याक दिसतंय! यांनी सोता वायर वढली." अँटेनाची केबल खिडकीपर्यंत. तिथून आत टीव्हीपर्यंत जोडलेला दुसरा तुकडा. त्यावर लाल दोरा. मोजले. पाच.
पाच हातांसाठी! मागितली असती तर अख्खं बंडल दिलं असतं रे हरामखोरा. वर दोष माझ्यावर ढकललास.
कमळीने चहा केला. चित्रात खरखर येत होती. जोड सैल होता, घट्ट करून दिला. "तुज्या हाताला यश हाय," म्हणाली. चहा तसाच ठेवून उठलो.

१३ डिसें.
तांडेलाला पत्र लिहिलं. ढील सोडली होती, कापली कुणी, कुठे आहे, सगळं. पाकीट बंद केलं. पोस्टापर्यंत गेलो आणि कमळी आठवली.

१४ डिसें.
सकाळी वामन दुकानात. हसत.
"लाल दोऱ्याचं रीळ दे रं, उद्या करंजाला चाललोय. आनि ती कामटी कुठून आनतोस, ती पन सांग."
रीळ दिलं. कामटीचं सांगितलं नाही.
पत्र खिशातच आहे.