कुंभकोणमची अस्सल पडी

कुंभकोणम, मंगळवार

तीर्थस्वरूप वेंकटलक्ष्मी आत्येस व्यासराजाचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे बरे असावेत, म्हैस दूध देत असावी आणि माझ्यावर राग नसावा. (नसेल तर पत्र संपेपर्यंत येईल, तेव्हा बसूनच वाचावं.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

मी आर्थिक इतिहासाचा अभ्यासक, म्हणजे सोन्याचा उद्याचा भाव मला कळत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी तांदूळ कसा विकत होते ते कळतं. मोडी कागदांत लिहिलेलं असतं, होनाला इतक्या पड्या. पडी, म्हणजे आपलं पितळी माप, तिच्यात नक्की किती तांदूळ मावतो ते ठरल्याशिवाय पुढचं सगळं हवेत. बारा वर्षं, सात निबंधांत मी लिहीत आलो की मराठ्यांच्या अमलात इथली पडी घरोघर एकच होती. या शुक्रवारी कॉलेजात समिती येते आहे. तिला पटलं तर मी प्रोफेसर, नाहीतर आहे तिथूनच निवृत्त.

पुरावा हवा म्हणून इथल्या आपल्या मराठी लोकांकडून जुन्या पड्या मागवल्या. बावीस आल्या. (तेविसावी कॉलेजातल्या बदरीनाथाने आणली, ती फुलदाणी निघाली.) ओसरीवर बसून भरू लागलो, तर एकीचं दुसरीशी जमेना. त्यात पडी घेऊन आलेल्या सुब्बलक्ष्मी मामींनी "येवढं वाचलास, तांदूळ मापाया येईना?" म्हणत पडी हिसकावली आणि शीग लावून, काठावर रास येईपर्यंत, भरली. शेजारच्या मामींनी ती हाताने सपाट केली. तेव्हा कळलं की घरोघर तांदूळ घेताना शीग लावतात आणि देताना सपाट. हे एकाही मोडी कागदात नाही! दोघी हट्टाला पेटल्या, तांदूळ ओसरीभर सांडला, त्यावरून मी घसरलो आणि सात निबंधांसकट आपटलो. त्या हसत होत्या. मला मात्र रडू आलं, खरंच आलं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. (मामींनी दहीभात पाठवला, तो तेवढा गेला.)

तरी काळजी नसावी. माझ्या म्हणण्याशी तंतोतंत जुळणारी एक पडी मिळाली आहे. शुक्रवारी टेबलावर तीच ठेवणार. आशीर्वाद असावा.

तुमचा
व्यासराज

ता. क. १ : ती पडी तुमची आहे. मागच्या महिन्यात तुमच्याकडे तिरुनीलक्कुडीला आलो तेव्हा तुम्ही पूजेत होता. मी पिशवीत घातली आणि जागी नवी स्टीलची ठेवली.

ता. क. २ : स्टीलची जरा लहान आहे. महिनाभर भात कमी पडतो म्हणून तुम्ही सुनेला, श्रीरंजनीला, बोलताहात असं कळलं. ती बरोबर मापते आहे.

ता. क. ३ : हे मी तिला काल सांगितलं. ती म्हणते, शुक्रवारी समितीपुढे येऊन पडी कुठून आली ते सांगणार. मात्र गुरुवारपर्यंत सासूबाईंनी माफी मागितली तर येणार नाही. आत्या, माझं प्रोफेसरपद आता तुमच्या तोंडी आहे.