मावशीची चुलीमागची बरणी

सोमवार, ३
राहायची सोय झाली! मावशीच्या घरी, माळ्यावर. पण अट आहे — सोळा तारखेला, रविवारी, चर्चमध्ये सगळ्यांसमोर न पिण्याच्या शपथेच्या वहीत सही करायची. "केलीस तर माळा तुझा. नाहीतर तू आणि तुझे रस्ते!" वही मावशीच सांभाळते, वीस वर्षं. मला काय, सही तर सही. दोन वर्षांत सहा गावं झाली, बुटांचे तळ गेले. आता एका जागी झोपायचंय.
माळ्यावर मांजर व्यालंय! चार पिल्लं, महिन्याभराची, घरभर दुडदुडतात. एकाचा गळा पांढरा, अगदी पाळकसाहेब.

मंगळवार, ४
जेवताना जुंपली. काका — मावशीचे यजमान, नळ दुरुस्त करतात — म्हणाले, "प्रभूने त्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, तो काय सरबत?"
"ताजा रस होता तो!" मावशी कडाडली.
"मग पाहुणे एवढे खूश कशाने झाले?"
"आणि नोहा प्यायला तेव्हा काय झालं? पडला उघडा तंबूत!"
"अगं, झिंगणं पाप. पिणं नव्हे."
"घोटापासून घागरीपर्यंत अंतर ते किती?"
मी विचारलं, मग खोकल्याचं औषध? दोघांनी मिळून मलाच झापलं.

गुरुवार, ६
सुतारबुवा आले होते. शपथवाल्यांचे म्होरके. पॉलिशमध्ये स्पिरिट असतं म्हणून चर्चच्या बाकांना यांनी पॉलिशच केलं नाही! म्हणून टोचतात होय. माझ्या स्कर्टला अजून कुसळं आहेत.

शनिवार, ८
मेले!
उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, दर महिन्याचं; सगळे पेल्यातून घोट घोट द्राक्षरस घेतात. त्याचा रस मावशीच करते — द्राक्षं चुरडायची, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं, महिनाभर चुलीमागे उबेला. आज मला म्हणाली, "गाळून चर्चमध्ये ठेवून ये," आणि बाहेर गेली. बरणी उचलली, तेवढ्यात पाळकसाहेब पायात. (पिल्लू!) फुटली. तळाच्या तुकड्यात घोटभर उरलं. वाया कशाला, म्हणून चाखलं.
कान गरम झाले.
मी एका गावात गुत्त्यावर भांडी घासलीत. मला कळतं. मावशी गं, तुझा रस कधीचाच पिकलाय! आणि बिचारीला पत्ताच नाही!
बाजारात पळाले, द्राक्षं आणली, गाळून ताजा रस ठेवून आले. तुकडे माळ्यावर लपवले.

रविवार, ९
सुतारबुवांनी पेला ओठांना लावला. थांबले. आत वाकून बघितलं. नंतरचं गीत असं मरगळलेलं, की पेटीवाल्या बाई एकट्याच शेवटाला पोचल्या.
दारात सुतारबुवा म्हणाले, "आज काहीतरी उणं होतं. एरवी छातीत कशी ऊब उतरते... प्रभू शेजारी बसल्यासारखी." डोळ्यांत पाणी हो!
काका माझ्या कानाशी — "पेला घेऊनही या महिन्यात गुडघा काही बरा होत नाही बघ."
म्हणजे काकांना माहीत आहे!!

गुरुवार, १३
सही कशी करू? वही म्हणते, थेंबही नको. आणि दर महिन्याच्या पेल्यात तेच! सांगितलं तर मावशी खचेल, आणि मला हाकलेल. गप्प राहून केली तर खोटी. असं काही झालं की मी आजवर सरळ पिशवी उचलायचे. आजही भरली. तर तिच्यात पाळकसाहेब झोपले. काढवेना.

शनिवार, १५
सांगितलं. बरणी, घोट, कान, सगळं. मावशी पातेलं पुसत राहिली. ते कोरडंच होतं. मग म्हणाली, "उद्या बघू."

रविवार, १६
पाळकांनी — खऱ्या — वही पुढे केली. म्हटलं मावशीच्या सहीखाली करावी, म्हणून मागची पानं चाळली. सुतारबुवा. पेटीवाल्या बाई. काका तीनदा! मावशी नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत — कुठेच नाही.
वर बघितलं. मावशीने माझ्या हातातली वही घेतली, मिटली. "राहू द्या, पाळकसाहेब. पोर अजून विचार करतेय."
आणि बाहेर पडताना हळूच — "उद्या बरणी आण. जाड काचेची. आणि माळ्यावरचे ते तुकडे आधी फेक, पिल्लांच्या पायात जातील."