टबातली रेघ

४ सप्टेंबर
आजपासून मी नगरकर! लग्नानंतर पुण्याचा पसारा आवरण्यात दिवस गेले, पण अखेर सुमंतच्या सावेडीतल्या बंगल्यात पाऊल टाकलं. अंगणात पेरू, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. मला घर दाखवायला त्याने नागापूरच्या कंपनीतून रजा घेतली. वरच्या न्हाणीघरात चक्क टब आहे. नळाला दिवसाआड पाणी, आणि म्हणे टब! लीनाची हौस. लीना म्हणजे त्याची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी फिट येऊन याच टबात गेली. तो काढून टाकायचा का, असं हळूच विचारलं, तर साहेबांना ऐकूच आलं नाही. असो. भार्गवीबाई, घर आता तुमचं आहे.

८ सप्टेंबर
टबात पाण्याच्या उंचीवर एक पिवळट रेघ आहे. कामाच्या रतनबाईंना घासायला सांगितलं तर म्हणाल्या, "ताई टबाला ब्रश लावून देत न्हवत्या. वल्या फडक्यावर खायचा सोडा घ्यायचा अन् हलक्या हातानं पुसायचं. लई जपायच्या." ताई म्हणजे लीना. मग मी कोण, पाहुणी? त्यांना खाली पाठवलं आणि स्वतःच बसले. ओल्या टबात सोडा भुरभुरवला, थोडा वेळ तसाच ठेवला, फडक्याने घासलं, पाणी ओतलं. टब लख्ख. तिचं उरलंसुरलं मीच मोरीत सोडलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

११ सप्टेंबर
रेघ परत आली आहे. टब तर कुणी वापरत नाही. पुन्हा सोडा.

सोमवारी अविधवा नवमी. लीना नवरा असताना गेली, म्हणून तिच्या नावाने एक सवाष्ण बोलवायची, तेल लावून न्हाऊ घालायचं, नवी साडी नेसवून जेवू घालायचं. सासूबाईंनी पारनेरहून फोनवर सगळं समजावलं. शेजारच्या धनश्रीला बोलव म्हणाल्या. त्या दिवशी पाटावर बसेल ती लीना. सुमंतने स्वतः जाऊन साडी आणली, मोरपंखी पैठणी. माझ्या लग्नाची साडी त्याच्या आईने निवडली होती. जळले मी. नुसता जळफळाट. ती नेसून धनश्री माझ्या घरात जेवणार, आणि हा तिला वाकून नमस्कार करणार?

१५ सप्टेंबर
धनश्रीला येऊ नको म्हणून कळवलं. मीही सवाष्णच की! मीच बसणार. सासूबाई फोनवर ओरडल्या. म्हणाल्या, पाटावर बसते तिच्यात गेलेली येते. जेवून सवाष्ण आपल्या घरी जाते, तिच्याबरोबर तीही उंबऱ्याबाहेर जाते. तू कुठे जाणार आहेस?

फोन ठेवून दिला. तेल लावलं, टबात ऊन पाण्याने न्हाले, पैठणी नेसले, पाटावर बसले. सुमंतने नमस्कार केला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. माझ्याकडे त्याने असं कधीच पाहिलं नव्हतं. जिंकले मी.

१७ सप्टेंबर
रेघ माझ्या अंगावर आली आहे. छातीच्या वर, पाठीमागून गोल. सोडा लावला, चोळलं. कातडी सोलली — रेघ तशीच.

सुमंत खुशीत आहे. म्हणाला, काल संध्याकाळी किती छान गप्पा मारल्यास. पण काल संध्याकाळी मी इथेच होते, टबाजवळ. मग त्याच्याशी —

१९ सप्टेंबर
टबातून उठता येत नाही. पाणी मी सोडलं नव्हतं. वही काठावर धरून लिहितेय.

हाका मारल्या. रतनबाई आल्या, टबात नीट पाहिलं. रेघ परत आली म्हणाल्या — सोडा आणायला गेल्या.

आज
खालून माझा आवाज येतोय. माझाच. सुमंत हसतोय — माझ्याबरोबर असा मोकळा कधी हसला नाही — मला हवं होतं ते सगळं तिला —

पाणी गळ्याशी आलं.

त्याने हाक मारली, भार्गवी. मी ओ दिली. जीव तोडून दिली —

तिने आधी दिली. सुमंत, ती मी नाही, मी इथे —