भामाबाईंचा पाला आणि माझे बहात्तर प्रश्न

४ ऑगस्ट १९९६, रविवार
पुण्याच्या संस्थेकडून लोकज्ञान नोंदणीचा फॉर्म आणि टेपरेकॉर्डर आला. फॉर्मात प्रश्न पाच. पाच! शिकलेल्या माणसांचा आळस. मी सातवी पास, पण काम मोजूनमापून. दुपारपर्यंत बहात्तर प्रश्न तयार. पट्टीने रकाने आखले. संकल्प: बोलणाऱ्याला मध्ये तोडायचे नाही.

७ ऑगस्ट
पहिल्या माहितगार आमच्याच कऱ्हाटीच्या भामाबाई. म्हैस व्याली आणि वार आतच अडकली, की लोक यांच्याकडे पाल्याला येतात. पैसा घेत नाहीत. प्रश्न १९: पाला किती ग्रॅम? म्हणाल्या, मूठभर. कोणाची मूठ? म्हणाल्या, देणाऱ्याची. रकाना रिकामा.
चौदा वेळा मध्ये तोडले. प्रश्न महत्त्वाचे होते.

१० ऑगस्ट
सोनाराचा काटा मागून नेला. त्यांच्या तीन मुठी: ३८, ४५, ३१ ग्रॅम. त्या म्हणाल्या, "तात्या, एकडाव म्हशीलाबी इचारा, किती पायजे." दुर्लक्ष केले.
प्रश्न २०: झाडाचे नाव. नाव तोंडाने घेतले की गुण जातो म्हणे. सुनेलाही नाव सांगितलेले नाही. बांधावर नेऊन बोटाने दाखवले. मलाही म्हणाल्या, "चला की, दावते." गेलो नाही. बांधावर चिखल, पायात नवी चप्पल. शिवाय बोटाला रकाना नाही.

१४ ऑगस्ट
युक्ती सुचली. भामाबाईंना म्हटले, यंत्र म्हणजे माणूस नव्हे; त्याला सांगितले म्हणजे कुणालाच सांगितले नाही. टेप कुणापुढे वाजवणार नाही, आईची शपथ घेतली. त्यांनी मशीन उलटेपालटे करून पाहिले. मग विचारले, "ह्याला पोरंबाळं न्हाईत नव्हं?" म्हटले, नाहीत. तोंडावर पदर धरून वाकल्या आणि सांगितले. मी तेवढा वेळ उंबऱ्याबाहेर उभा. सचोटी ती सचोटी.
घरी येऊन टेप ऐकली. लिहून घेण्यापुरती, एकदा. दुसऱ्यांदा अक्षर तपासायला.

२५ ऑगस्ट, रविवार
इंदापुरात संस्थेचा मेळावा. बाकीचे आपले पाच प्रश्नांचे कागद घेऊन आलेले. साहेबांनी विचारले, आवाजाचा नमुना आहे का कुणाकडे? माझा हात वर गेला. टेप वाजवली असे म्हणता येणार नाही, वाजली. माईकजवळ. अकरा सेकंद. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, एवढी बारकाई पाहिली नव्हती.
मागच्या रांगेत आमच्या गावची दोन माणसे होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

२९ ऑगस्ट
बायको विजयमाला सांगत आली, भामाबाईंनी पाला देणे बंद केले. गुण गेला म्हणतात. दारातून माणसे परत जातात. मी म्हटले, ही अंधश्रद्धा, यात माझा दोष शून्य. ती म्हणाली, "शून्य हाय, तर मग ताट का सरकवलं?"
भाजी खारट होती.

२ सप्टेंबर
सकाळीच शेजारचा रामहरी दारात. त्याची म्हैस काल व्याली, वार पडलेली नाही. भामाबाईंनी माझ्याकडे धाडले. म्हणाल्या, "त्ये आता तात्यांपाशी हाय." मी फॉर्म उघडून नाव खणखणीत वाचले. रामहरी म्हणाला, "नाव ऱ्हाऊ द्या, झाड दावा." बांधावर गेलो. त्या नावाचे झाड त्याला एक ठाऊक, त्याच्या आईला दुसरेच. मला एकही नाही. शेवटी तो बारामतीला जाऊन डॉक्टर घेऊन आला. म्हैस वाचली, दूध आटले. रामहरी मला काहीच बोलला नाही. बोलायला हवे होते.

३ सप्टेंबर
टेप पुसली आणि भामाबाईंकडे गेलो. सांगितले, पुसली. त्या म्हणाल्या, "मग आता परत माज्याकडं आलं व्हय?" म्हटले, चुकलो. बांधावर चला, दाखवा.
आल्या. त्या पुढे, मी मागे. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. बोट उचलले नाही. कुठे थांबल्याही नाहीत. टोकाला पोचल्यावर म्हणाल्या, "त्येच्या कडंनंच आलो बगा आपुन."
मी मागे वळून पाहिले. सगळेच हिरवे होते.