सायटोक्रोमच्या कोऱ्या पट्टीबाबत

लिहून ठेवणार भागवत आश्रुबा घोळवे, वय अडुसष्ट, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार नेकनूर, जि. बीड. हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र नाही. एवढे लिहीपर्यंत दोनदा उठून अंगणात चकरा मारून आलो.

१. नेकनूरचे राहते घर व बँकेतली शिल्लक माझी पत्नी सत्यभामा हिची. तिच्या पानतंबाखूवर कुणी बोलू नये. मी बोलून पाहिले आहे.

२. वडिलांचा ऊसतोडीचा कोयता धाकटा भाऊ तानाजी याला. बांध कोरून त्याने माझी दोन हात जमीन नेली, तीही त्यालाच राहू द्या. आता भांडायला वेळ नाही.

३. काचेच्या नळ्या, चिमटे व तराजू गावच्या शाळेला. मुलांनी हाताळावे म्हणून देत आहे, कपाटात कुलूपबंद ठेवायला नाही.

४. आता खरे. बीडच्या ज्या महाविद्यालयात मी नोकरीला होतो, तिथे वैष्णवी तांदळे ही मुलगी सीताफळाच्या बियांच्या अर्काने रोगट पेशी कशा मरतात यावर पीएचडी करत होती. पेशीतल्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन असते. ते बाहेर सांडले की पेशी मरणाला लागते. सांडले की नाही, हे एका अँटिबॉडीने कळते. सांडले असेल तर फिल्मवर काळी पट्टी उमटते. वैष्णवीची उमटली होती.

ती अँटिबॉडी उणे वीस अंशांवर ठेवावी लागते. मे २०१६ मध्ये मी पुतणीच्या लग्नाला धारूरला गेलो आणि निघायच्या घाईत फ्रीजरचे बटण बंद केले. पाच दिवसांनी पाहतो तो नळ्या कोमट. सगळे पुन्हा गोठवले आणि नोंदवहीत एक अक्षर लिहिले नाही. निवृत्तीला वर्ष राहिले होते, पेन्शन जाईल म्हणून घाबरलो. महिन्याने विद्यापीठाच्या समितीने शंका घेऊन वैष्णवीला प्रयोग पुन्हा करायला लावला. पट्टी उमटली नाही. आधीची फिल्म बनावट ठरवून तिची नोंदणी रद्द केली. ती मला म्हणाली, "काका, पयल्यांदा आलती हो पट्टी! तुमी तर बघितलं हाय." मी टेबल पुसत राहिलो. लाज वाटते.

त्या दुसऱ्या फिल्मवर तुलनेसाठी घातलेल्या शुद्ध प्रथिनाची जागाही कोरी होती. तिथे पट्टी यायलाच हवी. म्हणजे अँटिबॉडीच वाया गेली होती. समितीतल्या कुणी तिकडे पाहिले नाही, मी पाहिले. ती फिल्म कचऱ्यातून उचलून ट्रंकेत ठेवली आहे. माझ्या मृत्यूनंतर ती व माझा सहीचा कबुलीजबाब विद्यापीठाला द्यावा.

५. वैष्णवी आता बीडला क्लासमध्ये शिकवते. साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणाले. तरी साक्षीला तिलाच बोलावले आहे. तिला काही देत नाही. तिने हे वाचावे.

पुरवणी, त्याच दिवशी. वैष्णवीने सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले. "तुमी मरायची वाट मी काहून बघू, काका?" कलम ४ चे शेवटचे वाक्य मी रद्द करतो. रिक्षाने आम्ही पोस्टात गेलो. फिल्म व कबुलीजबाब विद्यापीठाला रजिस्टर पोस्टाने पाठवले. पावती तिच्याकडे आहे.

ठिकाण: नेकनूर
दिनांक: १४ मे २०२५

भागवत आश्रुबा घोळवे (सही)

साक्षीदार
१. रामहरी मिसाळ, शेजारी (सही)
२. वैष्णवी तांदळे (सही, पोस्टातून आल्यावर केली)