फिल्टर अजून चांगला आहे

सोमवार, ६ मार्च

ऑफिसला गेलो. बसमध्ये उभं राहावं लागलं. नव्या पाइपलाइनच्या नकाशावर रेघा मारल्या. संध्याकाळी घरी आलो, जेवलो, भांडी घासली.

भाचीचा फोन आला. ताईची गाडी विकायची म्हणते. ताई, माझी मोठी बहीण, जानेवारीत गेली. गाडी तिची, म्हणजे आता भाचीची. "मामा, तू चालवत नाहीस. उभ्या उभ्या सडेल. गिऱ्हाईक तयार आहे." मी म्हणालो, विकायची नाही. ती म्हणाली, का? मी म्हणालो, नाही म्हणजे नाही. ती म्हणाली, हे कारण झालं का? अगदी आईसारखी बोलते. राग आला.

शेवटी असं ठरलं की ती रविवारी येणार. तोपर्यंत गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी नीट चालू स्थितीत दाखवली, तर गाडी माझ्याकडे राहणार. नाही तर गिऱ्हाईक. मी म्हणालो, दाखवायचं काय त्यात, स्टेशनवर घ्यायलाच येतो गाडी घेऊन.

मी शेवटची गाडी कधी चालवली ते आठवेना. पण लायसन्स आहे. येत नसतं तर दिलं असतं का?

मंगळवार, ७ मार्च

गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्याने स्टूल पुढे केलं, त्यावरचा पाना उचलून खिशात घातला आणि म्हणाला, "ताईंचं ऐकलं. फार वाईट झालं." मग एक श्वास घेऊन, "गाडी देऊन टाका मला, साहेब. तुम्ही कुठे नादी लागता?"

मी म्हणालो, ऑइल बदलायचंय. तो म्हणाला, "ताई घरीच करायच्या. तुमच्याच्याने व्हायचं नाही ते." आणि हसला. माझ्याकडे बघून नाही, मागे एक पोऱ्या टायर काढत होता त्याच्याकडे बघून.

उठून आलो. चांगलं खणखणीत उत्तर सुचलं, पण तोवर बसस्टॉपवर पोचलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही म्हणालात का?

निश्चय: ऑइल मी घरीच बदलणार. दर वर्षी ताई बदलायची तेव्हा बॅटरी कोण धरायचं? मी. उजेड नसता तर तिला काय दिसलं असतं? नीट विचार केला तर काम मीच करत होतो, हात तेवढे तिचे होते.

बुधवार, ८ मार्च

ऑइल आणि फिल्टर आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, कोणती गाडी? सांगितलं, पांढरी. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी येऊन गाडीचं मॉडेल बघितलं, परत गेलो. आता म्हणे, पेट्रोल की डिझेल? हे मघाशी विचारता येत नव्हतं? परत घरी. ऑफिसला जायला उशीर झाला, त्याला सर्वस्वी दुकानदार जबाबदार.

संध्याकाळी सगळं आणलं. दुकानदार म्हणाला, "खालच्या बोल्टचा वॉशर पण घेऊन जा, नवीनच टाकतात." मी म्हणालो, जुना चांगला आहे. वॉशर कुठे असतो ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. पण अशा लोकांना एकदा हो म्हटलं की संपत नाही.

गुरुवार, ९ मार्च

अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेबांनी विचारलं, कशासाठी? म्हणालो, ताईचं एक काम राहिलंय. साहेबांनी आवाज खाली केला आणि लगेच सही केली. वर पूर्ण दिवस घ्या म्हणाले. मला दया नको होती, रजा हवी होती. पूर्ण दिवस घेतला.

गाडीखाली शिरायचं तर पुढची चाकं दोन लाकडी उतारांवर चढवावी लागतात. ताई चढवायची आणि मी समोर उभा राहून हाताने खुणा करायचो. आज समोर कोणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा समालोचक मात्र गॅलरीत हजर. (रिटायर झाल्यापासून त्याला दुसरा उद्योग नाही. खाली पान हललं तरी बोलतो.) "डावीकडे घ्या! अहो, डावीकडे! तुमची नाही, माझी डावी!" समोरची भिंत किंचित लागली. भिंत आधीपासूनच पुढे आलेली आहे.

चढली एकदाची. समालोचक वरून म्हणाला, "इंजिन गरम आहे तोवर काढा, ऑइल पटकन उतरतं." म्हणून मुद्दाम उद्यावर ठेवलं.

शुक्रवार, १० मार्च

ऑफिसात तब्येतीचं कारण कळवलं.

गाडीखाली गेलो. खालचा बोल्ट काही केल्या सुटेना. पान्यावर सगळा जोर लावला. पान्याला पाइप जोडून आणखी जोर लावला. ताईचा भयंकर राग आला. बाईमाणसाने इतकं घट्ट लावायचं? स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरून मलाच बोलायची. "तू झाकण लावलंस की उघडायला लोहार आणावा लागतो." आणि हे काय मग?

बऱ्याच वेळाने लक्षात आलं, उताणं पडल्यावर बाजू उलट होतात. इतका वेळ मी तो आवळत होतो.

ही गोष्ट एखाद्या माहीतगाराने बॅटरी धरली असती तर लगेच सांगितली असती.

उलट फिरवल्यावर बोल्ट कुरकुरत निघाला. आट्यांना थोडी चांदीसारखी चमक आलेली, म्हणजे स्वच्छ झाले असावेत. ऑइल टबात पडायच्या आधी बाहीत शिरलं आणि कोपरापर्यंत गेलं. मग टबात. गार असल्यामुळे सावकाश उतरत होतं. समालोचकाने वरून विचारलं, "गार झालं असेल ना आता?"

मग फिल्टर. वाटीएवढा काळा डबा, वर बॅटरी मारली. त्यावर पांढऱ्या पेनने ताईच्या अक्षरात मागच्या वर्षीची तारीख आणि खाली: "हातानेच आवळणे. पाना नको."

गाडीखाली तिच्याशिवाय कोण जायचं? मग हे कोणासाठी लिहिलं? स्वतःसाठी कोणी असं लिहितं का? सगळी वर्षं मला बॅटरीच धरायला लावली. एकदाही म्हणाली नाही, ये, तू कर, मी धरते. आणि सूचना मात्र लिहून ठेवली. दवाखान्यातसुद्धा तेच. "गॅस बंद केलास का? दुधाची पिशवी काढून ठेवलीस का?" शेवटपर्यंत सूचना. मला काय वाटतं ते विचारायला वेळ नव्हता. मीही सांगितलं नाही ते सोडा. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

फार संताप झाला. तसाच पडून राहिलो.

थोड्या वेळाने समालोचक धावत खाली आला. चप्पलसुद्धा घातली नव्हती. माझा पाय धरून हलवायला लागला. "अहो! अहो, ऐकू येतंय का?" म्हणाला, वरून नुसते पाय दिसत होते, बराच वेळ हलले नाहीत. मी म्हणालो, निरीक्षण करतोय. तो तिथेच पायरीवर बसला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "बोलत तरी जा हो मधूनमधून." आगाऊ माणूस.

फिल्टर बदलला नाही. नीट तपासून घेतलेला निर्णय आहे. फिल्टर अजून चांगला आहे. कुठे गंज नाही, खड्डा नाही, अक्षरसुद्धा पुसलेलं नाही. चांगली वस्तू काढून फेकायची ही हल्लीची पद्धत मला पसंत नाही. नवा फिल्टर कपाटात ठेवला.

शनिवार, ११ मार्च

बोल्ट लावून नवीन ऑइल भरलं. पट्टी बुडवून बघितली, पातळी बरोबर. हे काम अवघड आहे असं लोक का म्हणतात कळत नाही. गॅरेजवाल्यांनी पसरवलेलं असणार.

दुपारी खाली थेंब दिसला. बोल्ट आवळला. परत थेंब. आणखी आवळला. मग पाइप जोडून आवळला. आत 'कट्' झालं आणि त्यानंतर बोल्ट कुठूनही कुठेही फिरायला लागला. थेंब वाढले.

घाबरण्यासारखं काही नाही. आपण पाणीपुरवठ्यातले. पाइपचे आटे गळायला लागले की प्लंबर पांढरी टेप गुंडाळतो, शहरातले अर्धे नळ त्यावर उभे आहेत. जे पाण्याला चालतं ते ऑइलला चालणारच. ऑइल उलट जाड. ड्रॉवरमध्ये टेपचं अख्खं रीळ होतं. बोल्ट काढला तसं ऑइल खाली आलं, ते टबात धरलं. बोल्टवर भरपूर टेप गुंडाळली, ठोकून बसवला आणि टबातलं ऑइल फडक्यातून गाळून परत भरलं. गळती बंद! खाली वर्तमानपत्र पसरून तासभर बघत बसलो. एक डाग नाही.

गॅरेजवाल्याला बोलावून ते वर्तमानपत्र दाखवावंसं वाटलं.

उतारांवरून गाडी खाली घेताना समालोचक गॅलरीत होता, पण काही बोलला नाही. नुसतं हाताने "या, या" करत होता. माझ्याही नकळत त्याच्या हाताकडे बघून गाडी घेतली. नीट उतरली.

भाचीला फोन केला. सांगितलं, ऑइल बदललं, स्वतः. ती म्हणाली, "खरंच, मामा?" आवाज चांगला लागला होता तिचा. म्हणाली, "मग राहू दे गाडी तुझ्याकडे. मला तरी कुठे विकवत होती." मग म्हणाली, "आणि फिल्टर?" म्हणालो, त्याचंही बघितलं.

हे खोटं नाही. चांगलं अर्धा तास बघितलं होतं.

रविवार, १२ मार्च

सकाळी निघालो. गाडी झकास सुरू झाली. आरसे नीट केले. सीट ताईच्या मापाची आहे, गुडघे स्टिअरिंगला लागतात. सीट हलवली नाही, दूर जायचंच नव्हतं.

पुलाच्या अलीकडे डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. हँडब्रेकचा असणार म्हणून हँडब्रेक वर घेतला, खाली सोडला. वर घेतला, खाली सोडला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. एक स्कूटरवाला जवळ येऊन ओरडला, "काका, खाली बघा, सगळं सांडतंय!" मी काच वर केली. रस्त्यात लोकांशी बोलायची माझी पद्धत नाही. मग इंजिनातून खडखड, मग नुसता एकच आवाज, आणि पुलाच्या मधोमध गाडी थांबली. किल्ली फिरवली. काही नाही.

खाली उतरून बघितलं. आलो त्या रस्त्यावर काळी रेघ. अगदी सरळ, एकसारख्या जाडीची. मला ऑफिसात इतकी सरळ मारता येत नाही.

फोन केल्यावर भाची स्टेशनवरून टॅक्सीने तिथेच आली. तिला काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं माझ्याकडे. दुकानदाराचं, बोल्टच्या दर्जाचं, समालोचकाने लक्ष विचलित केल्याचं. तिने विचारलं, "तुला कुठे लागलं नाही ना?" एवढंच. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

गॅरेजवाल्याला तिनेच फोन केला. तो गाडी ओढून घेऊन गेला. आम्ही मागून चालत. गॅरेजात त्याने गाडी वर चढवली, खाली उभा राहिला, बोटाने टेपचं लोंबतं टोक ओढलं. ते येतच राहिलं, येतच राहिलं. "हे काय आहे?" कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "इंजिन गेलं, मॅडम. नवीन टाकण्यात अर्थ नाही. घ्यायची तर सुट्या भागांसाठी घेतो मी." भाचीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. तिने हो म्हणून मान हलवली.

मग त्याने हात वर घालून फिल्टर धरला आणि नुसत्या हाताने फिरवून काढला. "हा तर जुनाच आहे." फडक्याने पुसून भाचीच्या हातात दिला. तिने तो फिरवला आणि वाचला. बराच वेळ वाचत होती, इतकं काही लिहिलेलं नाही त्यावर.

म्हणाली, "मामा, हा का नाही काढलास?"

म्हणालो, घट्ट होता.

गॅरेजवाला हत्यारं आवरायला लागला.

ती म्हणाली, "मी नेऊ का हा?"

म्हणालो, ने की. कचराच आहे.

तिने पिशवीत रुमालाखाली ठेवला. संध्याकाळच्या गाडीने गेली. स्टेशनवर म्हणाली, "तुला हवा होता का, मामा?" म्हणालो, मला काय करायचाय. गाडी सुटल्यावरही ती खिडकीतून बघत होती. मी हात केला नाही. दोन्ही हात काळे होते.

सोमवार, १३ मार्च

ऑफिसला गेलो. बसमध्ये बसायला जागा मिळाली. साहेबांनी तब्येत विचारली. बरी आहे म्हणालो.

दिवसभरात कोणाचा राग आला नाही. आठवून बघितलं. गॅरेजवाला आठवला, दुकानदार आठवला. नाही आला. ताईचाही नाही आला. नेमकं काय वाटलं ते लिहिता येत नाही, आणि लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी खाली गाडीच्या जागेवर मोठा डाग दिसला. समालोचक वरून म्हणाला, "आधी भुसा टाका, मग साबण." भुसा टाकला. तो थोडा वेळ उभा होता, मग आत गेला.

भुसा झाडून भरला. साबणाचं पाणी ओतलं आणि ब्रशने घासायला बसलो. एक बादली झाली, पाणी काळं निघालं. दुसरी आणली.